गाडीचं इंजिन पाण्यात उतरवताना

बेंगळुरूपासून समुद्र लांब. घाट उतरून किनारा गाठायचा तर अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे बोम्मसंद्र्यातल्या आमच्या वर्कशॉपच्या फाटकातून एके सकाळी ट्रेलरवर चढवलेली पांढरी बोट आत आली, तेव्हा शेजारच्या कारखान्यातली माणसं हातातले चहाचे ग्लास तसेच घेऊन बघायला आली. होसूर रोडच्या गर्दीत ती बोट कशी दिसली असेल, देव जाणे. ट्रेलरच्या ड्रायव्हरने सांगितलं, प्रत्येक सिग्नलला लोक फोटो काढत होते.

वर्कशॉप माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेलं. बस, ट्रक, टॅक्सी यांची थकलेली इंजिनं खोलायची, घासून-पुसून, नवे पिस्टन घालून पुन्हा बांधायची, हे आमचं काम. सासऱ्यांच्या मागे ते माझ्या थोरल्या नणंदेने हातात घेतलं. तिला घरात सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्का म्हणते. अक्काने डिप्लोमा केला तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती, आणि हे ती स्वतःच सांगते, तेही मान वर करून. लाजणं-बिजणं तिच्या स्वभावात नाही. इंजिनाच्या आवाजावर तिने काही निदान केलं की आसपासच्या चार माणसांना ते ऐकू जाईल याची ती काळजी घेते.

मी पुण्याची. लग्न करून बनशंकरीच्या या घरात आले तेव्हा इथलं मराठी ऐकून पहिले काही महिने मी गोंधळलेलीच होते. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं, त्यामुळे अर्धं वाक्य आपलं, अर्धं कन्नड. शिक्षण माझं मेकॅनिकलचं, पण नोकरी मारतहळ्ळीला सॉफ्टवेअरमध्ये. बँकांसाठी प्रोग्राम लिहिता लिहिता माझी बरीच वर्षं गेली. मग कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. दुसरी नोकरी शोधायला मी बसले होते, तर अक्का जेवता जेवता म्हणाली, "घरात बसून काय करणार गे? स्वल्प दिवस वर्कशॉपला ये."

मला वाटलं, हिशेब आणि कॉम्प्युटर सांभाळायला बोलावतेय. तसं मी विचारलंही.

"त्याला माणूस आहे," अक्का म्हणाली. "तू इंजिनाला ये."

मी गेले, आणि परत नोकरी शोधायची राहूनच गेली. बोट आली तेव्हा मला तिथे वर्ष होऊन गेलं होतं. नखांतलं काळं आता साबणाने निघत नव्हतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

बोटीच्या मागोमाग एका जुन्या जीपमधून तिचे मालक आले. कॉफीच्या मळ्याचे मालक, सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक. त्यांच्या मळ्याच्या खाली धरणाचा तलाव पसरलेला होता आणि त्यावर ते नवरा-बायको दर रविवारी ही बोट घेऊन फिरायचे. बोटीतलं परदेशी इंजिन मात्र फुटलं होतं. ब्लॉकलाच तडा. त्याचे भाग बनणंच बंद झालेलं, आणि नवीन इंजिन मागवायचं तर किंमत ऐकूनच त्यांनी फोन ठेवून दिला होता. कोणीतरी त्यांना आमचा पत्ता दिला होता. त्यांचा प्रश्न सरळ होता: यात गाडीचं इंजिन बसेल का?

मी म्हणणार होते की आम्ही विचार करून सांगतो. अक्का म्हणाली, "बसेल."

तेवढ्यात जीपचं दुसरं दार उघडलं आणि आतून एक बाई काठी टेकत उतरल्या. उजवा पाय जरा ओढत चालत होत्या. पांढरे केस अगदी बारीक कापलेले, नजर सरळ. त्या मळेवाल्यांच्या पत्नी. पक्षाघातानंतर त्यांना मळ्यातून चालत फिरणं जमेना. मात्र बोट त्याच चालवायच्या, आजारपणाच्या आधीही आणि नंतरही. नवरा नुसता दोरी बांधायला, असं त्या म्हणाल्या आणि त्यांच्या नवऱ्याने मान डोलावली.

"मला दोन गोष्टी हव्यात," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "एक, मधोमध बंद पडता कामा नये. मला पोहता येत नाही आता. आणि दुसरं, आवाज कमी. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं तर पाण्यात जाण्यात काय अर्थ आहे?"

ते दोघं गेल्यावर मी अक्काला विचारलं, "तुम्ही आयुष्यात कधी बोटीचं इंजिन बघितलंय?"

"आत्ता बघितलं की," अक्का म्हणाली. "फुटलेलं."

त्या आठवड्यात मी वाचायला बसले. जितकं वाचत गेले तितकं कळत गेलं की बोटीत इंजिन नुसतं बसवून चालत नाही. रस्त्यावर गाडीला समोरून वारा लागतो, उतार लागला की इंजिनाला विश्रांती मिळते. बोटीत इंजिन एका बंद पेटीत असतं, वारा नाही. आणि पाण्याला उतार नसतो. पाणी सतत मागे रेटत राहतं, म्हणजे बोट सुटल्यापासून काठाला लागेपर्यंत इंजिन जणू खंबाटकी चढतच असतं. मी ही उपमा अक्काला सांगितली तेव्हा ती म्हणाली, तिने तो घाट पाहिलेला नाही, पण चारमाडी पाहिलाय, कळलं.

शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीत सगळं संपतं. त्यामुळे डिझेलच घ्यायचं, हे आधी ठरलं. कोणतं डिझेल, यावर आमचं दोन दिवस वाजलं. मला नव्या गाडीचं हलकं इंजिन हवं होतं. अक्काला टर्बो नसलेलं, कॉम्प्युटर नसलेलं, जुन्या पद्धतीचं हवं होतं. तिचं म्हणणं असं की पाण्याच्या मधोमध सेन्सर बिघडला तर तो दुरुस्त करायला कोण पोहत जाणार? आणि लाल तापलेला टर्बो बंद लाकडी पेटीत तिला नको होता. ते मला पटलं. अपघातात चेपलेल्या एका टॅक्सीचं इंजिन आम्ही आणलं. गाडी मागून चेपली होती, इंजिनाला धक्काही नव्हता. तरी अक्काने ते शेवटच्या बोल्टपर्यंत खोललं आणि नव्याने बांधलं.

थंड ठेवायचं कसं, हे काम अक्काने माझ्याकडे दिलं. गाडीचा रेडिएटर बोटीत निरुपयोगी. आणि तलावाचं पाणी थेट इंजिनात घ्यावं, तर गाळ आत जाऊन सगळे मार्ग बुजणार. त्यावरचा उपाय म्हणजे एक बंद नळकांडं, आत बारीक नळ्यांचा जुडगा. नळ्यांमधून तलावाचं पाणी वाहतं, नळ्यांच्या बाहेरून इंजिनाचं स्वतःचं पाणी फिरतं. दोन्ही एकमेकांना शिवत नाहीत, फक्त उष्णता या पाण्यातून त्या पाण्यात जाते. कॉलेजात हे गणित मी परीक्षेपुरतं केलं होतं. आता तेच गणित समोर ठेवून नळ्या किती, लांबी किती, पंप किती मोठा, हे सगळं मी काढलं. वाईटात वाईट परिस्थिती धरली: एप्रिलचं ऊन, तलावाचं वरचं पाणी कोमट, बोट माणसांनी भरलेली. त्यावर आणखी थोडी सूट ठेवली. मग ते नळकांडं आम्ही आमच्याच लेथवर आणि वेल्डिंगच्या टेबलावर बनवलं. नळ्या मी स्वतः बसवल्या, एकेक.

धुराच्या नळीचंही तसंच. गाडीत ती तापते आणि खालून वारा तिला थंड करतो. बोटीत ती माणसांच्या पायाशी. म्हणून इंजिनाला लागून असलेल्या भागावर पाण्याचं कवच चढवलं, आणि पुढे वापरून झालेलं तलावाचं पाणी धुरातच सोडलं. धूर थंड होतो, नळी रबराची चालते आणि आवाजही दबतो. बाईंची दुसरी अट त्यातच बरीचशी भागली.

जुना गिअरबॉक्स चांगला होता, तो ठेवला. पण टॅक्सीचं इंजिन आणि बोटीचा गिअरबॉक्स यांची तोंडं एकमेकांना जुळणार कशी? दोघांच्या मधली जाड प्लेट अक्काने स्वतः लेथवर धरली. त्या दिवशी तिने फोन बंद ठेवला आणि कोणाला जवळ येऊ दिलं नाही. मध्य केसभर जरी सरकला तर सगळं इंजिन थरथरत राहणार. संध्याकाळी प्लेट बसली तेव्हा तिने गिअरबॉक्सचा दांडा दोन बोटांनी फिरवून दाखवला. तो लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. मग मलाही दोनदा फिरवून बघायला लावला.

अंगणात पाण्याची टाकी ठेवून आम्ही इंजिन चालवून पाहिलं. दुपारभर चाललं. तापमानाचा काटा जिथे हवा तिथेच थांबून राहिला. मी घरी फोन करून सांगितलं की झालं.

झालं नव्हतं. पहिल्यांदा बोट तलावात उतरवली, मी आणि अक्का दोघी बसलो, मळेवाले काठावर उभे राहिले. सावकाश चालवलं तोवर सगळं ठीक. मग अक्काने वेग वाढवला, तशी मागे धुराची काळी शेपटी उठली आणि तापमानाचा काटा चढू लागला. वेग कमी केला की खाली यायचा, वाढवला की पुन्हा वर. आम्ही बोट वळवून काठाला आणली. बाई खुर्चीत बसून पाहत होत्या. 

परतीच्या वाटेवर अक्का गाडी चालवत होती. ती म्हणाली, "नळ्या कमी पडल्या असतील का गे?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. घरी येऊन मी सगळं गणित पहिल्यापासून तपासलं. चूक सापडेना. सकाळी पुन्हा तपासलं. मग माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या जागी शोधतेय. अक्का बोट चालवत असताना मी इंजिनाच्या वेगाचा काटाही पाहत होते. इंजिन पूर्ण दाबलं तरी ते त्याच्या पूर्ण वेगापर्यंत पोचतच नव्हतं. बरंच खालीच अडकत होतं. म्हणजे उष्णता काढणारा भाग कमी पडत नव्हता, इंजिनावरच नको इतका भार पडत होता. चौथ्या गिअरमध्ये घाट चढायला लावल्यासारखं.

मी अक्काला म्हटलं, "अक्का, दोष पंख्यात आहे."

बोटीला पुढे ढकलणारा पाण्याखालचा पितळी पंखा आम्ही जुनाच ठेवला होता, कारण तो चकचकीत होता, कुठे खरचटलेलाही नव्हता. पण तो जुन्या इंजिनासाठी बनवलेला. ते इंजिन सावकाश फिरायचं, म्हणून पंख्याची पाती जास्त पिळाची होती, एका फेऱ्यात बरंच पाणी कापणारी. आमचं इंजिन भराभर फिरणारं. त्याला कमी पिळाची पाती हवी होती.

अक्काने माझं कागदावरचं सगळं नीट ऐकून घेतलं. दोन शंका काढल्या. मग मान डोलावून म्हणाली, "सरी. पंखा काढून आण, आपण मालपेला जाऊ."

मालपे म्हणजे मासेमारीचं मोठं बंदर, उडुपीजवळ. पंखा जुन्या साडीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि आम्ही दोघी निघालो. अक्का वाटेत फक्त जेवायला थांबली. बंदराच्या मागच्या गल्लीत पंखे ओतणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्याचा कारखाना होता. माझ्या उंचीचे पंखे भिंतीला टेकवून ठेवलेले. आमचा पंखा त्यांच्यापुढे खेळण्यातला वाटत होता. मालक पोट सुटलेला, हसरा माणूस. त्याने विचारलं, "बोट कुठली?"

"बेंगळुरूची," अक्का म्हणाली.

तो हसायला लागला. अक्का हसली नाही. तिने मला पुढे केलं आणि म्हणाली, "हिला विचारा काय हवंय ते." मी आकडे सांगितले: इंजिन किती फिरतं, गिअरबॉक्स ते किती कमी करतो, बोटीचं वजन, हवा असलेला वेग. त्याने स्वतःचा हिशेब केला आणि माझा आकडा वाचून दाखवायला लावला. दोन्हींत अगदी थोडा फरक होता. तो म्हणाला, "माझाच ठेवू, मी रोज करतो." मी म्हटलं, ठेवा. मग त्याने पाती तापवून, साच्यावर ठोकून पीळ कमी केला. आम्ही बाजूला उभ्या राहून पाहत होतो. निघताना त्याने आम्हाला नारळपाणी पाजलं आणि अक्काला म्हणाला की पुढची बोट आणाल तेव्हा आधी मला फोन करा, जुना पंखा तसाच ठेवू नका. अक्काने त्याचा नंबर तिथल्या तिथे मोबाईलमध्ये घेतला.

दुसऱ्या वेळी मळेवाल्या बाईंनीच सांगितलं, आज मी चालवणार. त्यांचे पती आणि अक्का यांनी दोन्हीकडून धरून त्यांना बोटीत घेतलं. त्यांनी चाकासमोरच्या जागेवर स्वतःला नीट बसवलं, काठी शेजारी ठेवली आणि मला म्हणाल्या, "तू माझ्या बाजूला बस."

इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. बंधाऱ्याच्या सावलीतून बाहेर येईपर्यंत त्यांनी ते अगदी हळू ठेवलं. मग वेगाचा दांडा पुढे ढकलला. बोटीचं तोंड वर उचललं गेलं आणि मग खाली बसलं. मी मागे पाहिलं. पाणी पांढरं, धूर नाही. इंजिनाच्या वेगाचा काटा जिथपर्यंत जायला हवा तिथपर्यंत गेला होता. तापमानाचा काटा टाकीच्या वेळी होता तिथेच. मी नजर हलवली नाही. बाईंनी दूरच्या टेकडीपर्यंत बोट तशीच नेली, वळवली, पुन्हा आणली. काटा हलला नाही.

मग तलावाच्या मधोमध त्यांनी काही न सांगता इंजिन बंद केलं.

सगळं शांत झालं. बोट आपोआप थोडी पुढे सरकली आणि थांबली. काठावर थांबलेले अक्का आणि मळेवाले अगदी लहान दिसत होते. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "मधोमध बंद पडलं तर काय, ते बघायचंय. तापलेलं इंजिन बरेचदा सुरू व्हायला त्रास देतं. आमचं जुनं द्यायचं."

त्या पाणी बघत बसल्या. बराच वेळ. मला तिथल्या झाडांची नावं सांगितली, पाण्याखाली गेलेला जुना रस्ता कुठून जात होता ते दाखवलं. मी हो हो करत होते, पण माझं सगळं लक्ष त्या किल्लीकडे होतं. शेवटी त्यांनी ती फिरवली. इंजिनाने लगेच घेतलं, एकदाही न अडखळता. बाई माझ्याकडे वळल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "आता तू बोल काहीतरी, ऐकू येतं का बघू."

मी म्हटलं, "नळ्या मी बसवल्या आहेत."

"ऐकू आलं," त्या म्हणाल्या.

काठावर आलो तेव्हा अक्का पाण्यात घोट्यापर्यंत उतरून उभी होती. तिने बोट धरली, आत वाकून काट्याकडे पाहिलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मळेवाल्यांकडे वळून कन्नडमध्ये म्हणाली, "थंड ठेवायचं सगळं काम हिचं. पंख्याची गोष्टही हिनेच ओळखली. मी नळ्यांना दोष देत होते." हे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती आणि नंतरही बोलली नाही. पण ते तिने माझ्यासमोर, परक्या माणसांना सांगितलं. मारतहळ्ळीच्या सगळ्या वर्षांत मी बरंच काही बनवलं होतं आणि त्यातलं बहुतेक चांगलं होतं, पण माझं काम असं समोर उभं राहून, पाणी उडवत, माणसांना घेऊन चालताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतर आणखी बोटी आल्या. एका हॉटेलची पर्यटकांना फिरवणारी सपाट बोट, एका डॉक्टरांची छोटी वेगवान. प्रत्येकीचा त्रास निराळा. एकीत इंजिन तिरकं बसवावं लागलं, तर तेल एका बाजूला साचू नये म्हणून तळाची तेलाची टाकीच नवी बनवावी लागली. ते अक्काने केलं. दुसरीत पाणवेली आत ओढल्या जायच्या, तर पाणी येण्याच्या वाटेवर चटकन उघडून साफ करता येईल अशी जाळी मी बसवली. आता आमच्याकडे बोटी ठेवायला वेगळी शेड आहे आणि शेजारच्या कारखान्यातली माणसं बोट आली म्हणून बाहेर येत नाहीत.

सासूबाईंना मात्र यातलं काही खरं वाटत नव्हतं. त्यांना वाटायचं आम्ही बोटींना रंग-बिंग देतो. यंदाच्या हिवाळ्यात मळेवाल्या बाईंनी आग्रहाने बोलावलं, तेव्हा आम्ही सासूबाईंनाही घेऊन गेलो. त्यांनी पाणी पाहिलं आणि म्हणाल्या, मी काठावरच बरी. बाई काठी टेकत त्यांच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, मला पोहता येत नाही, तरी मी चालवते, तुम्ही नुसत्या बसा.

सासूबाई बसल्या. इंजिनाच्या पेटीवर गादी टाकलेली होती, तीच सगळ्यांत रुंद आणि स्थिर जागा, म्हणून त्यांनी तीच निवडली. मांडी घातली, पदर सावरला, चकलीचा डबा उघडला. बोट निघाली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "इंजिन कुठे आहे?"

"तुमच्या खाली," मी म्हटलं.

त्यांनी हात खाली घालून लाकडाला लावला. ते जेमतेम कोमट होतं. त्या थोडा वेळ हात तसाच ठेवून बसल्या. मग चाकावरच्या बाईंपुढे डबा धरला आणि कन्नडमध्ये, आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "घ्या. आमच्या मुलीने आणि सुनेने बनवलंय हे."

बाईंनी चकली उचलली आणि म्हणाल्या, फार छान झालीय.

"चकली मी केली," सासूबाई म्हणाल्या. "मी इंजिनाचं सांगतेय."